मामीला सोडून सगळ्यांना

खोटं वाटेल त्यानं खुशाल वाचू नये. पण ही माझ्या सख्ख्या मामीची गोष्ट आहे, नागपुरातल्या जरीपटक्याची. साल १९७४, मे महिना, अन् वेळ दिवेलागणीची.

रुपरावमामा सायकलवरून घरोघरी दूध घालायचे. मोठा बोलका माणूस. ज्याचा जो नमस्कार, तोच त्याला. लोकूमल सेठला 'जय झूलेलाल'. दादाजी मास्तरांना 'जय भीम'. कोपऱ्यावरच्या शिंप्याला 'सलाम चाचा', अन् वाटेत भेटलेल्या कुणाही अनोळख्याला 'राम राम'.

घरी मात्र एक शब्द नाही. सायकल भिंतीला टेकवायची, उंबरठ्यात उभं राहायचं. प्रेमिलामामीनं मुकाट्यानं पाय धुवायला पाणी द्यायचं. नवरा-बायकोत कुठं राम राम असतो? लोक हसतील.

त्या मे महिन्यात मामा ऊन लागून गेले. भर रस्त्यात.

मामीशी शेवटचं बोलणंही झालं नाही.

तेरावं झालं अन् दादाजी मास्तर घरी आले.

"वहिनी, काल सांजेले रुपरावनं मले जय भीम केला. मी उत्तर देऊन टाकलं... अन् मंग मागं पाहिलं."

रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी लोकूमल सेठ तेच सांगत आले. मग शिंपी.

मामी रडली नाही, चिडली. "साऱ्या मोहल्ल्याशी बोलून राहिला हा माणूस. माझ्याशीच काहून नाही?"

रोज संध्याकाळी ती दार उघडं टाकून बसू लागली. एक शब्द हवा होता तिला, बाकी काही नाही.

अन् एका संध्याकाळी... सायकलची घंटी.

दुधाचे डबे वाजले. सायकल भिंतीला टेकली.

उंबरठ्यात कुणीच नव्हतं.

पण कच्च्या दुधाचा वास आला...

आता नेहमीसारखं पाणी द्यायचं, बस. पण मामीच्या जिवाला धीर कुठला? आजही हा न बोलता निघून गेला तर? ती चटकन उठली, पदर सावरला, हात जोडले अन् बोलून गेली,

"राम राम."



अगदी जवळून मामांचाच आवाज आला. गोड, पण परका.

"राम राम, बाई. कोणाचं घर हाय हे?"

मामी पाण्याच्या तांब्याकडे वळली.

सायकल निघाली. डब्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला... अन् थांबला. त्यानंतर जरीपटक्यात कुणालाच मामांचा आवाज आला नाही.

"घरच्या माणसाले कोणी राम राम करते का रे?" मामी अजून मला विचारते.

तिच्याकडे गेलो की मी कुणालाच नमस्कार करत नाही. सरळ आत जातो.