काहिलीतून देवदाराच्या मागे

विहाराच्या दाराचा देवदार परत आणायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या घाणीत उतरलो! आंब्याच्या लाकडाची आधीची दारं वाळवीनं फस्त केली, म्हणून आमच्या वस्तीनं हट्टानं थेट हिमाचलातून हे खोड मागवलं होतं. ताडमाड उंच, बारमाही हिरव्या झाडाचं. वास असा, की वाळवी जवळ फिरकत नाही. अझीमभाई सुतारांच्या अंगणात ते पडलं होतं आणि कृष्णेला पूर आला. खोड गेलं वाहून! मग कुणीतरी फोनवर सांगितलं, शिरोळच्या पलीकडच्या टेकाडाला अडकलंय.

होडी कुठली मिळायला? गुऱ्हाळातली काहील काढली. उसाचा रस आटवायची ही भली मोठी कढई पुरात आमच्याकडं होडीचं काम करते. माझा भाऊ बुद्धभूषण बांबू घेऊन पुढं, अझीमभाई कुऱ्हाड आणि दोर घेऊन मागं, आणि मी, मनाली, मध्ये पाणी उपसायला.

शी! त्याला पाणी म्हणायचं? कुजलेल्या उसाची आंबट घाण, फुटलेल्या संडासांचा मैला, प्लॅस्टिकचे थर, पोट फुगून वर आलेली म्हैस आणि तिच्यावर बसलेले कावळे. वर्षभर नदीला आई म्हणायचं आणि तिच्यातच सगळं सोडायचं! मला भडाभडा ओकारी झाली.

"मनालीताई, तोंड मिटा आन् उपसा की!" अझीमभाई ओरडले.

ओढ्याच्या तोंडाशी धारेनं आम्हाला पकडलं. काहील गरागरा फिरली! बांबू मोडला! धाडकन बाभळीच्या शेंड्यावर आदळलो. काट्यांत साप लटकलेले! एक टपकन माझ्या मांडीवर पडला. मी किंचाळले. बुद्धभूषणनं तो हातानंच भिरकावला. अझीमभाईंनी फांदीला दोर टाकला आणि जिवाच्या करारानं ओढलं. वाचलो!

टेकाडाला लागलो तेव्हा अंगभर चिखल होता. खोड तिथंच होतं, दगडांत अडकलेलं. मी त्याला नाक लावून पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर दुसरा वास आला. पत्र्याच्या शेडमधून एक माणूस बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. सयाजी, तिथलाच शेतकरी.

"पावणं, लाकूड तुमचं हाय व्हय?" त्यानं विचारलं. "न्या की. माझी आई गेली परवा. शालूबाई. आत ठेवलीया. बोटवाल्यांनी जित्यांनाच न्हेलं. जाळायला वाळलं लाकूड न्हाय, पुरायला माती न्हाय, खाली समदा कातळ."

त्यानं काहीच मागितलं नाही. मला त्या वासाची किळस आली आणि किळस आली याचीही लाज वाटली. तरी तोंडातून गेलंच, "विहाराच्या दारासाठी हाय ते!"

बुद्धभूषण माझ्याकडं बघत राहिला. मग मीच मान खाली घातली.

"अझीमभाई, भिजलेलं पेटंल?" बुद्धभूषणनं विचारलं.

अझीमभाईंनी खोडावरून हात फिरवला. दारावर कोरायचं धम्मचक्र त्यांनी किती दिवस कागदावर गिरवलं होतं!

"वरनं भिजलंय. आत तेल हाय. पेटतंय," ते म्हणाले आणि कुऱ्हाड त्यांनीच उचलली.

ढलपी उडाली. आतला गाभा तांबूस, कोरडा. संध्याकाळी चिता धडाडून पेटली आणि टेकाडभर देवदाराचा वास पसरला.

सयाजी आमच्याजवळ येऊन उभा राहिला. "आन् तुमच्या विहाराचं दार?"

"ऱ्हाऊ दे उघडं," बुद्धभूषण म्हणाला. "तू बी येत जा की."