वगळलेली चौकट

मी थापा मारतो, हे आमच्या साऱ्या घराला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. थाप असती तर शेवट मी नीट जमवला असता.

हे घडलं माझ्या पुतणीच्या नवऱ्यासोबत. आमचे जावईबापू. माणूस इतका सरळ, की पत्ते खेळतानासुद्धा लबाडी करत नाही. म्हणून नेहमी हरतो.

वेळ दिवेलागणीची. जागा, हॉस्पिटलमागचं ते आंधळं वळण. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. साधी, कंटाळवाणी संध्याकाळ होती.

जावईबापूंचं काम म्हणजे रस्त्याला डोळे बसवणं. त्या रस्त्यावर बिनचालकाची बस धावणार होती. बसला स्वतःचे डोळे असतात, पण वळणापलीकडचं तिला कसं दिसावं? म्हणून खांबांवर सेन्सर लावतात. एक कॅमेरा, एक लेझरवाला. कॅमेऱ्याला उजेड लागतो. लेझरवाल्याला काळोखाचं काही वाटत नाही. त्याला माणूस दिसतो तो नुसत्या ठिपक्यांचा. खांबाने माणूस पाहिला, की बस थांबते.

तपासायची रीत सोपी. एकाने रस्त्यावर चालायचं, दुसऱ्याने पडदा बघायचा. चालायला जावईबापू. व्हॅनमध्ये पडद्यासमोर त्यांच्या जोडीदार, इंजिनीअर बाई. वॉकीटॉकीवर दोघांची जुगलबंदी चालायची.

"दिसतोय का मी?"

"दिसताय. पोट तर फारच छान दिसतंय."

"आता?"

"आताही दिसताय. मागे कोण आहे?"

जावईबापूंनी मागे पाहिलं.

मागे... लोखंडी कठडा. बाकी काही नाही.

"कोणी नाही."

"थट्टा पुरे हं. तुमच्या खांद्याला लागून उभं आहे."

इतका वेळ रातकिडे किरकिरत होते. ते एकदम थांबले.

कॅमेऱ्यात कोणी नव्हतं. लेझरमध्ये होतं. बाईंनी समजूत घातली, कठड्यावरून किरण उलटून येत असतील, कधीकधी येतात. जावईबापूंनी काच पुसली. सेन्सर बदलून दुसरा लावला.

ते तिथेच होतं.

मग त्यांनी सेन्सर खांबावरून खाली घेतला, कमरेएवढ्या उंचीवर. जागा बदलली की उलटे किरण निघून जातात.

"आता?"

जावईबापूंनी वॉकीटॉकीचं बटण पुन्हा दाबलं.

"अहो बाई, आता?"

"आता ते... वाकलंय."

"वाकलंय म्हणजे?"

"सेन्सर खाली आला ना. ते वाकून त्यात बघतंय."

जावईबापू त्या सेन्सरसमोरच उभे होते. त्यांच्या आणि सेन्सरच्या मध्ये फक्त हवा होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. सकाळी पाहुणे बस बघायला येणार, ती त्या वळणावर अडून बसली तर नाक कापलं जाईल. "तेवढी चौकट वगळा," साहेब म्हणाले. "सगळेच वगळतात."

वगळायची म्हणजे पडद्यावर कठड्याजवळच्या त्या जागेभोवती चौकट आखायची. चौकटीच्या आतलं लेझरवाल्याने काहीही सांगो, बसने ऐकायचं नाही.

"आणि तिथे खरंच कोणी उभं राहिलं तर?" जावईबापूंनी विचारलं.

"कॅमेरा आहे की. रस्त्यावर दिवा आहे. घोडं कुठे अडतंय?"

जावईबापूंना पटलं नव्हतं. घरी पुतणी त्यांना नेहमी म्हणते, तुला नाही म्हणता येत नाही. त्यांनी चौकट आखली. दाराला बाहेरून कडी घालावी तशी.

ठिपक्यांचं माणूस पडद्यावरून गेलं.

कुठे गेलं, ते पडदा सांगत नाही.

मग बस सोडून पाहायची होती. बाई व्हॅनमध्ये बसल्या. जावईबापू रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. लांबून रिकामी बस निघाली. बॅटरीवरची बस, इंजिनाची घरघर नाही. फक्त चाकांची सरसर...

आणि वळणावरचा दिवा विझला.

त्या काळोखात, कठड्याजवळ, काहीतरी पांढरं उभं होतं.

नर्सचा गणवेश.

माझी पुतणी. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ती रोज त्याच वाटेने घरी जायची. उभी होती ती बरोबर चौकटीच्या आत. बसकडे पाठ करून. पुतळ्यासारखी.

"बाई, थांबवा! बस थांबवा!"

वॉकीटॉकीतून बाईंचा आवाज आला नाही. आला तो श्वास. सावकाश... कोणीतरी अगदी निवांत घेत असावं तसा.

जावईबापू धावले. सरसर जवळ आली. त्यांना कळून चुकलं, आपण पोचत नाही.

आणि बस थांबली.

वळणाच्या अलीकडेच. जिथून पुतणी तिला दिसणं शक्यच नव्हतं.

बाई व्हॅनमधून धावत आल्या. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही थांबवलीत?" जावईबापूंनी विचारलं.

"मी कशी थांबवणार? माझा वॉकीटॉकी मेला होता, मला तुमची हाक ऐकूच आली नाही." त्यांनी बसकडे बोट दाखवलं. "पडद्यावर बाहेर आलं होतं ते. चौकटीच्या बाहेर. बसच्या समोर, भर रस्त्यात. हात पसरून."

"आणि आता?"

"आता नाही. बस थांबली, तसं पडद्यावरून गेलं."

जावईबापूंनी पुतणीला गदागदा हलवलं. "इथे का उभी राहिलीस?"

"कमाल आहे तुझी," ती म्हणाली. "तूच नाही का पाठीमागून म्हणालास, इथेच थांब, हलू नकोस? मी थांबले. आता वर तूच ओरडतोस?"

जावईबापू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होते. तोंडातून असा शब्द काढला नव्हता.

त्यांनी तिथल्या तिथे चौकट पुसून टाकली. साहेबांना सांगितलं, पुन्हा आखायची तर दुसरा माणूस बघा. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले. पण त्यानंतर पडद्यावर तिथे काही उमटलंच नाही. बस आता सुरळीत धावते. त्या वळणावर कधी अडत नाही.

मी खूप डोकं खाजवलं. पोरीला तिथे उभं केलं कोणी? आणि बस थांबवली कोणी? ते एकच होतं, की दोन?

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाराबाहेर जावईबापूंनी स्वतः बसवलेला दिवा आहे. कोणी आलं की आपोआप लागतो, आत गेलं की विझतो.

पुतणी कामावरून आली. दिवा लागला. ती आत आली, दार लावलं, माझी चौकशी केली. दिवा विझला.

मग...

पुन्हा लागला.

पुतणीने पाहिलं नाही. ती चहा टाकायला आत गेली होती. मी हळूच म्हटलं, "काढून टाका ना तो दिवा. नसती कटकट."

जावईबापूंची नजर दारावरून हलली नाही.

"काढला, तर ते अजून बाहेरच आहे की आत आलं, हे कळणार कसं, काका?"