सृष्टीच्या हातची चावी

वाल्मीक पिकअप कधी सपाटीला लावत नसे. मखमलाबादच्या मळ्यात घरापुढच्या उतारावर ती नाक खाली करून उभी असे, चाकाखाली दगड. सकाळी सेल्फ फिरला नाही, की दगड काढायचा, मागून रेटायचं आणि उतार संपायच्या आत गिअर टाकायचा.

रेटायला त्याची बायको सुवर्णा असे. शेजारची भागीबाई ओट्यावर मिश्री घासत बघायची. "बी.एस्सी. ना गं तू? कालिजात काय धक्का मारायलाच शिकवत्यात?"

सुवर्णा पदर सारखा करून हसायची. हसू यायचं नाही, पण हसायची.

गाडी जुनीच, गेल्या दिवाळीला मालेगावहून आणलेली. आणली त्या दिवशी पहिल्यांदा आत सुवर्णा बसली होती, आणि सासू सिंधुबाई ते विसरत नव्हती. "तवाच म्हनलं हुतं, लेकराला बसवा आधी. हिचा पायगुण लागला गाडीला."

गोटीराम मेकॅनिकनं बॅटरी बदलली, सेल्फ खोलला, हीटर प्लग नवे टाकले. सुवर्णा शेजारी उभी राहून सगळं विचारून घ्यायची. चावी फिरवली की आतून एकच आवाज यायचा. टक. मग काही नाही.

"असं वाजलं म्हंजी करंट पोचत नाय, वहिनी," गोटीराम म्हणाला. मग त्यानं वायरी तपासल्या. "पोचतोय की. कायच खराब नाय. थंडीत गारठतंय इंजिन, आतून ऊब पायजे त्याला."

मार्गशीर्ष लागला. गुरुवारच्या पूजेला शेवंती लागते, आणि मळ्यात शेवंतीच होती. माल उजाडायच्या आत फुलबाजारात पोचला नाही तर तो बैलांपुढेच टाकायचा. त्या पहिल्या गुरुवारी टक, टक करून वाल्मीक वैतागला. चार वर्षांची सृष्टी रडत होती म्हणून त्यानं तिला मांडीवर घेतलं. तिनं खेळता खेळता चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात लागली.

"लेकीचा पायगुण!" सिंधुबाईनं पोरीच्या गालावरून बोटं मोडली. भागीबाईसुद्धा ओट्यावरून म्हणाली, "लेक तरी गुणाची निघाली गं सुवर्णा."

सुवर्णाला पटलं नाही. पुढच्या वेळी कोणी नसताना तिनं स्वतः चावी फिरवून पाहिली. टक. सृष्टीला आणून बसवलं, तिचा हात चावीवर ठेवला. इंजिन घरघरलं. तिनं तीच तपासणी पुन्हा केली, पुन्हा तेच. कुणाला सांगणार? आणि खरं तर सांगायचंही नव्हतं. कितीतरी दिवसांत घरात तिच्या पायगुणाचं नाव निघालं नव्हतं. झोपेतली पोर शालीत गुंडाळून ती रोज उतारावर न्यायची, तेव्हा भागीबाईच्या ओट्याकडे बघायची नाही.

मग सृष्टीला जाग उशिरा येऊ लागली. आधी दोन हाकांत उठणारी पोर आता हलवून हलवून डोळे उघडायची. बोटं गार असायची. डॉक्टर म्हणाले, थंडी आहे, कानटोपी घाला.

आणि एका पहाटे सुवर्णाला दिसलं, सगळ्या गाडीवर दव होतं, बॉनेटवर नव्हतं. तिनं हात ठेवला. गाडी रात्रभर उभी होती. बॉनेट कोमट होतं, निजलेल्या पोराच्या पाठीसारखं.

शेवटच्या गुरुवारी तिनं सृष्टीला उठवलंच नाही.

"अगं, आण ना तिला," वाल्मीक क्रेट बांधता बांधता म्हणाला. "माल राह्यला ना!"

"आज नको. आपण धक्का मारू."

"धक्का!" सिंधुबाई दारातून म्हणाली. "पोरीमुळं जरा बरं चाललंय, तर हिला बघवंना. पांढऱ्या पायाची ती!"

भागीबाईचा मिश्रीचा हात थांबला होता.

सुवर्णाचे कान तापले. ती नाही म्हणू शकली असती. ती आत गेली, पोरीला उठवायला.

"सृष्टी. ऊठ गं राणी."

बाहेर इंजिन लागलं. पहिल्या झटक्यात, मऊ.

"सुवर्णा, ऱ्हाऊ दे तिला!" वाल्मीक हसत ओरडला. "आपसूक लागली बघ!"

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पोरीची गोधडी सारखी केली, गालावर हात ठेवला.

गाल ओला होता. कपाळ, पापण्या, केस, सगळ्यावर दव.

तिनं खांदा हलवला.

सृष्टीच्या घशातून आवाज आला. टक.

मग काही नाही.

पुन्हा हलवला. टक.

पोरीला छातीशी धरून ती उतारावर धावली. वाल्मीक मागे क्रेटपाशीच उभा होता, चावी त्याच्या बोटात लटकत होती. "मी लावलीच नाय," तो म्हणाला. "काय झालं हिला? थांब, आधी गाडी बंद करतो."

केबिनची दारं बंद होती. पुढच्या काचेला आतून, सीटवर बसलेल्या लहान पोराचं तोंड येईल तिथं, वाफेचा एक ठिपका होता. तो मोठा व्हायचा, विरायचा. परत मोठा व्हायचा.

"नका," सुवर्णा म्हणाली. "बंद करू नका."