रिकाम्या सीटचा दिवा

मोबाईल खिशात घाला रे पोट्टेहो, उजेड नको. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या आर्णीचा अतुल, भाड्यानं गाडी चालवतो तो, त्याच्यावर गुदरलेली आहे. त्या गाडीचं वायरिंग माझ्याच हाताखालून गेलंय.

दोन हजार अठरा साल. पोळ्याच्या करीची रात्र, आठ वाजून वीस मिनिटं. अतुल बायकोला घेऊन यवतमाळला निघाला. मोनालीचे दिवस भरले होते, पण कळा अजून बारीकच होत्या, घाई काही नव्हती. मागं तिच्याजवळ अतुलची आई, मैनाबाई. पुढची सीट रिकामी. सोबतीला दुसरी गाडी मिळाली नाही. करीच्या दिवशी गावातल्या गाड्या जागेवर असतात, ड्रायव्हर जागेवर नसतात.

अतुलला धास्ती होती ती मीटरमधल्या दिव्याची. इंजिनचा तो पिवळा दिवा वर्षभर हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. सेन्सर बदलले, अख्खं मीटर बदललं. स्कॅनर लावला की म्हणे गाडीत दोष नाही. एकदा तर मी बॅटरीची वायरच काढून बाजूला ठेवली. चावी माझ्या हातात. दिवा पेटलेलाच. मी अतुलकडं पाहिलं, त्यानं मान फिरवली. शेवटी त्यानं दिव्यावर काळी टेप चिकटवली. ड्रायव्हर लोकांचं हे ठरलेलं औषध. दिसलं नाही म्हणजे बरं झालं!

मान का फिरवली, ते मला उशिरा कळलं. आदल्या वर्षी कपाशीवर फवारणी करणारी माणसं पटापट दवाखान्यात भरती होत होती. तेव्हा एका संध्याकाळी निंबाच्या फाट्यावर शेतमजुरी करणाऱ्या नलूनं अतुलची गाडी अडवली. तिचा नवरा धर्मपाल रस्त्याच्या कडेला बसलेला. दिवसभर फवारणी केलेली, कपडे ओलेचिंब, उलट्या चालू.

“भाऊ, यवतमाळले न्या हो. ह्यायले दिसून नाही राह्यलं.”

गाडी रिकामी होती. पण सकाळी सवारी होती, गाडीला वास राहिला असता. अतुलनं मीटरकडं बोट दाखवलं.

“ताई, इंजिनचा दिवा पेटला. रस्त्यात बंद पडन गाडी.”

दिवा पेटला नव्हता. बाहेर उभ्या बाईला काय कळणार? दुसरी गाडी यायला दीड तास लागला. धर्मपाल फाट्यावरच गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अतुलच्या गाडीत दिवा खरंच पेटला.

तर करीची ती रात्र. फाटा जवळ आला आणि मोनालीच्या कळा वाढल्या. टेपखालून पिवळा उजेड झिरपायला लागला. मग ऑइलचा दिवा. मग बॅटरीचा. मग सगळेच. गाडी आचके देत थांबली. बरोबर फाट्यावर.

“काहून थांबला रे? पोरगी धीर सोडून राह्यली!” मैनाबाई ओरडली.

त्यानं चावी फिरवली. काही नाही. पुन्हा... काही नाही. हेडलाइट गेले. फोन लागेना. मीटर मात्र लखलखत होतं.

अतुल खाली उतरला. कडेला पऱ्हाटी, कपाशीचं उभं रान. वारा नव्हता. तरी फवारणीचा वास... उग्र, ओला. वर्षभर आईला, बायकोला, कुणालाच जे सांगितलं नव्हतं, ते तो मोठ्यानं बोलला.

“धर्मपालभाऊ... त्या दिवशी दिवा पेटला नव्हता. मी खोटं बोल्लो. माही बायको हाय गाडीत... तिले काही होऊ देऊ नका.”

रातकिडे एकदम थांबले.

त्यानं पुढचं डावं दार उघडलं.

“बसा.”

...

दार लावलं.

“कोणाशी बोलून राह्यले तुम्ही?” मागून मोनालीनं विचारलं.

तो आपल्या सीटवर येऊन बसला. चावी फिरवली. इंजिन लागलं. सगळे दिवे विझले. एक सोडून. पट्ट्याचा, लाल. पुढच्या सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, तरच तो पेटतो.

टिंग... टिंग... टिंग...

अतुलनं डावीकडं पाहिलं नाही.

“पट्टा लावा, भाऊ,” तो पुटपुटला.

खट्.

आवाज थांबला.

मोनालीला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. अतुल दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. उजाडल्यावर तो गाडी घेऊन थेट माझ्याकडं आला. खाली उतरला तो पुन्हा गाडीत पाय ठेवायला तयार होईना.

“मामा, दवाखाना तर आला होता. मंग हे उतरले काहून नाही?”

मी दार उघडलं. सीटवर कोणी नव्हतं. पट्टा लावलेला होता. पण सीटला चिकटून नाही... माणसाच्या छातीएवढी जागा सोडून, ताठ. मागं नुसती हवा. मी त्यावर तळहात ठेवला आणि जोर लावून दाबला.

दबला नाही.