टेलरकाकांचे ब्रेक पॅड

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नका. मी मिस्त्री आहे. बावीस वर्षं गाड्या उघडतोय. हे ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलंय.

आणि रात्र, अंधार असलं काही नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन.

माझं गॅरेज मोठ्या उताराच्या पायथ्याशी आहे. शेजारच्या गाळ्यात थोरल्या भावाचं स्पेअर पार्टचं दुकान. दादा पार्ट विकतो, मी बसवतो. आमची एक पद्धत आहे. नवा पार्ट ज्या खोक्यातून आला, त्याच खोक्यात जुना काढलेला भरायचा. खोक्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. म्हणजे त्याला खात्री, की काम झालंय.

मागल्या वर्षी दादाने ब्रेक पॅड आणले. खोकं कंपनीचं, शिक्का कंपनीचा, माल मात्र भलताच. हातात घेतल्याबरोबर हलका लागला. नखाने खरवडलं तर भुगा पडला.

"दादा, हे डुप्लिकेट आहेत."

"बसव रे. गिऱ्हाईक काय चाक उघडून बघणार आहे?"

मी बसवले. कळत होतं, तरी बसवले.

ती गाडी टेलरकाकांची होती. पुढच्या चौकात त्यांचं शिवणकाम. गळ्यात कायम मोजायची टेप. काम झालं की सीटवर बसून ते तीनदा ब्रेक दाबून बघायचे, मगच गाडी बाहेर काढायचे.

फुस्... फुस्... फुस्...

"मिस्त्री, पॅड कंपनीचेच आहेत ना?"

"हो काका."

जुन्या पॅडचं खोकं त्यांनी डिकीत ठेवलं आणि गेले.

नवव्या दिवशी त्याच उतारावर त्यांची गाडी थांबली नाही. वळणावर खांबाला आदळली. काका जागीच गेले.

गाडी ओढून कुठे आणावी? सगळ्यात जवळ माझंच गॅरेज. "उद्या सकाळी तपासणीस येतील, तोवर हात लावू नका," असं पोलीस सांगून गेले.

दादा म्हणाला, "डिकीत त्यांचे जुने पॅड असतील बघ."

बास. एवढंच म्हणाला. मला पुढचं कळलं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी चाकं काढली. एका पॅडचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, पत्र्यापासून अख्खं सुटलं होतं. डुप्लिकेट काढले, डिकीतल्या खोक्यातले झिजलेले जुने परत चढवले. शेवटचं चाक राहिलं होतं. पॅड दाबून धरणारा कॅलिपर उघडा, माझ्या हातात होता. आणि...

त्याचा पिस्टन जरासा बाहेर आला.

आपोआप येत नसतो तो. आत बसून कोणाला तरी ब्रेक दाबावा लागतो.

पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा.

मी मान वर करून पाहिलं... सीट रिकामी होती.

कसाबसा पॅड बसवला, चाक लावलं आणि पळालो. सकाळी तपासणिसाने लिहिलं, पॅड पूर्ण झिजलेले, मालकाचा निष्काळजीपणा. चौकात लोक बोलू लागले, म्हातारा चिक्कू होता, चार पैशांसाठी जीव गमावून बसला. काकांची मुलगी माझ्याकडे आली.

"बाबा म्हणाले होते, पॅड बदललेत."

"माझ्याकडे नाही बदलले, ताई."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

डुप्लिकेट पॅड मी त्यांच्याच खोक्यात भरून जुन्या खाणीच्या पाण्यात फेकले होते. खोकं बुडताना स्वतः पाहिलं होतं.

पाच दिवसांनी सकाळी शटर उघडलं तर टेबलावर...

तेच खोकं. कोरडं ठणठणीत. जळक्या ब्रेकचा वास. हात लावला तर गरम.

वर माझ्याच अक्षरात, पॅड बसवले त्या दिवशीची तारीख. किलोमीटरचा आकडा मात्र वाढलेला. गाडी तर चक्काचूर होऊन पोलिसांच्या आवारात पडली होती. मग एवढं चाललं कोण?

दादाला दाखवलं.

"तूच लिहिलंस, तूच विसरलास. डोकं तपासून घे."

दादाच तो! ठेच मला लागली, कळ त्याला कशाला येईल?

पुन्हा फेकलं. पुन्हा आलं. आकडा आणखी वाढला होता. तेव्हापासून मी दादाच्या दुकानातला खिळासुद्धा घेत नाही. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बायकोच्या गाडीसाठी अस्सल पॅड आणले. ती रोज त्याच उतारावरून मुलीला शाळेतून आणते. खूण म्हणून प्रत्येक पॅडच्या पत्र्यावर हातोडी-पंचाने दोन ठिपके मारले आणि स्वतःच्या हाताने बसवले.

मग आला तो मंगळवार.

सव्वातीनला मी हात धुऊन वळलो. टेबलावर खोकं होतं. आकडा वाचला... आणि पुन्हा वाचला. बायकोच्या गाडीच्या मीटरवरचा आकडा होता तो. सकाळीच पाहिला होता.

खोकं उघडलं.

आत चार कोरे पॅड. प्रत्येकावर दोन ठिपके.

मग तिच्या गाडीत काय होतं?

फोन लावला. वाजत राहिला. मी उताराकडे धावत सुटलो. आयुष्यात कधी एवढा घाबरलो नव्हतो.

वळणावर गाडी उभी होती. खांबापासून हातभर अंतरावर. मुलगी मागे रडत होती. बायको पांढरीफटक पडली होती.

"अहो, ब्रेकच लागेना. तेवढ्यात एक म्हातारे काका आडवे आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला... आणि गाडी थांबली."

"कसे होते?"

"गळ्यात टेप होती. खिडकीशी येऊन म्हणाले, पॅड कंपनीचेच आहेत ना?"

"तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले. नवऱ्याने स्वतः बसवलेत म्हटलं. ते नुसते हसले. म्हणाले, मलाही त्यानेच बसवून दिले होते."

मी तिथेच रस्त्यावर बसलो.

संध्याकाळी खोकं घेऊन काकांच्या मुलीकडे गेलो. सगळं सांगितलं. रडलो. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. खोकं ओढून घेतलं आणि उघडलं.

आत ठिपक्यांचे पॅड नव्हते. तिच्या बाबांचे जुने, झिजलेले होते. नियमाने त्या खोक्यात असायला हवेत, तेच.

दुसऱ्या दिवशी तिच्या तक्रारीवरून पोलिसांच्या आवारात त्या मोडक्या गाडीची चाकं पुन्हा उघडली. आत डुप्लिकेट पॅड होते. एकाचं लायनिंग सुटलेलं. तपासणिसाने आपलाच जुना अहवाल काढून दोनदा वाचला.

मी जबाब दिलाय. दादाचंही नाव सांगितलंय. तो आता माझं तोंड बघत नाही. खटला चालू आहे, होईल ती शिक्षा होऊ दे.

पण त्या दिवशी तिच्या दारातून निघताना मी मूर्खासारखा बोलून गेलो होतो, "काकांनी माझ्या बायकोला वाचवलं. त्यांनी मला माफ केलं असेल."

ती म्हणाली, "तुमच्या बायकोला माझे बाबा आडवे आले. माझ्या बाबांना कोण आलं होतं?"

गॅरेज बंद आहे. बायकोची गाडी दारात उभी असते, किल्ली माझ्या खिशात. तरी रोज सव्वातीनला गाडीतून आवाज येतो. फुस्... फुस्... फुस्... तीनदा. मी मोजतो.

काल दोनदाच आला. तिसऱ्यांदा ब्रेक लागलाच नाही.

तेव्हापासून मी दारातच, गाडीला आडवा बसून आहे.