परातीतलं खळं

दिवाळी होऊन गेली होती. आंदर मावळात भातकापणी उरकत आली होती. गेणूच्या खाचरांत कापलेलं भात उन्हात वाळत पडलं होतं. घरात वर्षभर खायचा तांदूळ तो तेवढाच. आणखी थोडं ऊन लागलं की झोडायला घ्यायचं ठरलं होतं.

दुपारी गेणूनं परातीत पाणी घेतलं आणि ती बांधावर ठेवली. सूर्याकडं थेट बघवत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचं खळं पाण्यात बघायची तिकडची रीत. खळं जेवढं मोठं, तेवढा पाऊस जवळ. बघून झालं की ते पाणी उघड्या कातळावर ओतायचं, पिकाजवळ नाही.

आज खळं परातीच्या काठाला टेकलं होतं. आत काळं आभाळ दाटलं होतं. गेणूनं मान वर केली. वर ढगाचा ठिपकाही नव्हता.

"पाऊस येतोय. पेंढ्या बांधाया घ्या," तो म्हणाला.

"आबा, मोबाईल तर ऊन दाखवतोय," सुट्टीवर आलेला मुलगा अतुल हसला. "तुमची परात चार्ज करायची राहिली वाटतं."

"ये, वाकून बघ."

अतुल वाकला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, थेंब पडावेत तशी. त्यानं वर हात धरला. हात कोरडाच राहिला. त्याचं हसू क्षणभर अडलं. मग त्यानं परात उचलली आणि समोरच्या भातावर पालथी केली.

"हा घ्या तुमचा पाऊस!"

"आरं मुडद्या, पिकावर न्हाई वतायचं!" त्याची आई नंदाबाई ओरडली.

गेणू पेंढ्या बांधायला लागला. दिवस मावळेपर्यंत तिघांनी सगळ्या पेंढ्या वाहिल्या, गोठ्याशेजारी त्यांची उंच उडवी रचली, वर ताडपत्री बांधली.

पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही कडकडीत ऊन पडलं. शेजारचा शिदू आपलं भात झोडता झोडता म्हणाला, "गेणूभाऊ, छत्री देऊ का?"

त्यानंतरच्या सकाळी गेणूनं ताडपत्री सोडली. वरच्या पेंढ्या खडखडीत वाळलेल्या होत्या. त्यानं खाली हात घातला. गार लागलं. मधली पेंढी ओढून काढली.

लोंब्यांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते.

"आवं, एवढ्यात कसं?" नंदाबाई पुटपुटली.

अतुल भराभरा पेंढ्या उपसू लागला. आतल्या सगळ्या भिजलेल्या. सगळ्यांना कोंब.

"थांब," गेणू म्हणाला. त्यानं उडवीला कान लावला.

आत संततधार लागली होती. आणि खूप लांबवर बेडूक ओरडत होते.