रुखमाबाईची टोपली

मूलच्या स्टँडवर बसनं गचका दिला आणि रोशनीचं पोतं घसरलं ते थेट नुकत्याच चढलेल्या तरुणाच्या पायावर. पोत्यात वीस किलो दगड. काय होणार!

"अरे बाप्पा! का भरलं याच्यात?"

"लोखंड."

"मंग पाय गेलाच समजा."

रोशनीला हसू आवरेना. खिडकी लागत नव्हती, झिमझिम आत येत होती, आणि तो अर्धा भिजून तिच्याकडेच बघत होता. डोळे मोठे लबाड... तिनं नजर वळवली, पण जिभेला कोण आवरणार? चंद्रपूर येईस्तोवर सगळं सांगून मोकळी! ती चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत आहे. गडचिरोलीच्या हलक्या खनिजातून लोखंडाचा अंश कसा वाढवायचा, यावर देशातल्या तीन प्रयोगशाळा मिळून शोध करताहेत. एकाच ढिगातला दगड, पण झारखंडवाल्यांच्या मोजणीत लोखंड त्रेपन्न टक्के आणि तिच्या मोजणीत एकसष्ट.

"माह्या चुका काढाले कोनी साहेब येऊन राह्यला. खडूस असन."

"असन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तोच खडूस साहेब लंगडत प्रयोगशाळेत आला. निकेश, मूळचा चिमूरचा, प्रकल्पाच्या मुख्य कचेरीतून तपासणीला आलेला. रोशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी तिन्ही प्रयोगशाळांची बैठक होती. तोवर फरकाचं कारण सापडलं नाही, तर चंद्रपूर प्रकल्पातून बाद. म्हणजे रोशनीची सात महिन्यांची मेहनत पाण्यात. नव्या पोत्यातले दगड दोघांनी मिळून मोजले. एका काट्यावर दोन डोकी, बाटली देताना बोटाला बोट लागायचं, आणि मग दोघंही उगाच आकड्यांत डोकं खुपसायचे. आकडा आला पुन्हा एकसष्टच.

"तुमचं काम चोख हाये," निकेश म्हणाला. "दगड जंगलातून थेट इथीच येते?"

"थेट कुठी? एक रात आमच्या घरी असते. सकाळच्या बसनं आणतो."

बुधवारी दोघं तिच्या गावी गेले. घर तलावाच्या काठी, धंदा मासोळीचा. रोशनीच्या आईनं, रुखमाबाईनं, चहा दिला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मासोली असो का गोटे, चिखलाची वस्तू धुतल्याबिगर आमच्या दारातून बाहेर जात नाई. मीच टोपलीत धुऊन भरतो ना, बापू!"

रोशनीचा चेहरा उतरला. माती वाहून गेली, मग लोखंडाचा आकडा चढणारच की! झारखंडचं पोतं मात्र जंगलातूनच जीपनं परस्पर गेलं होतं.

परतताना निकेश हळूच म्हणाला, "मी लिहितो, मशीन बिघडली होती म्हणून. तुझं नाव वाचन..."

ती रस्त्यातच थांबली. "मशीन चांगली होती! माह्या मायनं धुतलं, म्या पाह्यलं नाई. हेच मी सांगन. नाव जाते तं जाऊ दे."

"रागावली?"

"हाव! खोटा आधार मले नाई पायजे."

नुसतं बोलून ती थांबली नाही. त्याच ढिगातून नवे दगड आणले, अर्धे तसेच ठेवले, अर्धे आईच्या टोपलीत धुतले, पाणी मोजलं, खाली बसलेली माती तोलली. गुरुवार सरेपर्यंत आकडे समोर होते. न धुतलेले त्रेपन्न, धुतलेले एकसष्ट.

शुक्रवारी पडद्यावर तिन्हीकडची मंडळी जमली. रोशनीनं काही लपवलं नाही. आई, टोपली, आपला हलगर्जीपणा... सगळं. कुणीतरी फिसकन हसलं.

प्रकल्पप्रमुख मंजुषा मॅडम मात्र पुढं वाकल्या. "नुसत्या पाण्यानं आठ टक्के? आम्ही रसायनं ओतून ओतून सहावर अडकलोय. रोशनी, धुण्याचं हे काम आता चंद्रपूरच पुढं नेईल."

बाहेर व्हरांड्यात निकेश उभा होता. रोशनीचा आनंद मनात मावत नव्हता, आणि तरी त्याच्या जाण्याचा विचार सुटत नव्हता.

"परवाची गाडी ना तुझी?" तिनं विचारलं.

"नाई जात. चंद्रपूरले बदली मागतली."

"आता काम भेटलं म्हणून?"

"बुधवारीच मागतली. तू रस्त्यात मले झापलं ना, त्याच सांजले. तवा तुमचं काम राह्यते का जाते, कोनाले ठाऊक होतं? मले फक्त तू ठाऊक होती."

रोशनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आतून प्रयोगशाळेतले सगळे बाहेर येत होते. तिनं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"मायले पह्यले मी सांगन," ती म्हणाली. "तू फक्त सोबत ये."